गाईड भेटत नाहीत, मग भेटायचं कोणाला?

या महिन्यासाठी संपादकांनी पाठवलेली बहुतेक पत्रं जीवशास्त्र आणि वैद्यकीय संशोधनात नव्याने पडलेल्यांची आहेत. एक पत्र एका आईचं आहे, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात सरळ प्रश्न तिनेच विचारलाय. नावं काढली आहेत, तपशीलही थोडे इकडचे तिकडे केले आहेत. आपल्याकडे हे जग फार छोटं. ‘झेब्राफिशवर काम करणारी परभणीची मुलगी’ एवढं म्हटलं की चहा संपायच्या आत ती कोण ते पाषाणपासून खारघरपर्यंत सगळ्यांना कळतं. नव्या वाचकांसाठी: मी पेशीजीवशास्त्रातली, पुण्यातल्या एका संस्थेतून निवृत्त झालेली. पीएच.डी.च्या समित्यांवर पुष्कळ बसले आहे, त्यामुळे विद्यार्थी खोलीबाहेर गेल्यावर आत काय बोललं जातं तेही मला माहीत आहे.

प्रश्न: मॅडम, मी पुण्यात पीएच.डी.च्या चौथ्या वर्षाला आहे. गाव हिंगोली जिल्ह्यात. आमची लॅब मोठी आहे आणि सर सतत दौऱ्यावर असतात. त्यांच्याशी एकटीचं असं बोलणं गेल्या गणपतीत झालं होतं. लॅब मीटिंगमध्ये ते डेटा बघतात आणि ‘रिपीट कर’ म्हणतात. माझा पहिला प्रोजेक्ट दोन वर्षांनी बंद झाला. दुसरा एका पोस्टडॉकबरोबर (पीएच.डी. नंतर कराराने संशोधन करणारा) वाटून दिलाय, त्यामुळे पेपर कुणाचा होणार माहीत नाही. पुढच्या वर्षाअखेर फेलोशिप संपेल. घरी कोणी बारावीच्या पुढे शिकलेलं नाही, विचारायचं कुणाला? मला चांगला मेंटर कसा मिळेल?

उत्तर: तुझ्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते. मेंटर म्हणजे कुणी एक थोर माणूस, जो आपल्याला हेरेल आणि पुढची वीस वर्षं वाट दाखवेल, अशी कल्पना तुम्हा मुलांच्या डोक्यात बसली आहे. असा माणूस लाभलेले लोक मी पाहिले आहेत. थोडे आहेत, आणि त्यातल्या काहींना त्या माणसाच्या सावलीतून बाहेर पडताना नाकी नऊ आले. तू चार-पाच माणसांकडून थोडं थोडं घे.

सरांचंच बघ. ते तुझे वरिष्ठ आहेत, लॅबप्रमुख म्हणून पेपरच्या लेखकांत शेवटचं नाव त्यांचं, थिसिसवर सही त्यांची आणि उद्या शिफारसपत्र लिहिणारेही तेच. ‘हा प्रोजेक्ट सोडू का’ या प्रश्नाचं निर्लेप उत्तर अशा माणसाकडून कसं येणार? ते वाईट आहेत म्हणून नव्हे. तुझ्या उत्तरात त्यांचाही हिशेब अडकलाय म्हणून. तो प्रश्न अशा माणसाकडे न्यायचा, ज्याला तुझ्या पेपरमधून काहीही मिळणार नाही.

असा माणूस तुझ्या फायलीत आधीच आहे. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या पीएच.डी. नियमांनुसार प्रत्येक विद्यार्थ्यासाठी संशोधन सल्लागार समिती असते. तुम्ही तिला आरएसी म्हणता, काही संस्थांत डीसी म्हणतात. दर सत्राला तिच्यासमोर सादरीकरण करायचं, थोडक्यात अहवाल द्यायचा, आणि समितीच्या शिफारशींची एक प्रत विद्यार्थ्याला मिळायला हवी, असं नियमात लिहिलेलं आहे. प्रत्यक्षात काय होतं तेही मला माहीत आहे. मीटिंग जेवणाच्या सुट्टीआधी कोंबलेली, स्लाइड पन्नास, वेळ वीस मिनिटं, शेवटी ‘प्रोग्रेस सॅटिस्फॅक्टरी’ आणि सामोसे. समितीचे लोक अहवाल तिथेच पहिल्यांदा उघडतात.

यावेळी तू असं कर. मीटिंगच्या आठवडाभर आधी दोन पानी अहवाल सगळ्या सदस्यांना ई-मेलने पाठव. दुसऱ्या पानाच्या तळाशी तीन प्रश्न घाल: पेपर पूर्ण व्हायला नेमक्या कोणत्या आकृत्या कमी आहेत, कामाच्या कोणत्या भागाची पहिली (म्हणजे मुख्य) लेखक मी असेन, सिनॉप्सिस (थिसिसचा सारांश) कोणत्या महिन्यात द्यावा. समितीचे निमंत्रक गाईडच असतात, तेव्हा हा मसुदा सगळ्यात आधी त्यांना दाखव. पाठीमागून काही करतेय असं वाटता कामा नये. चौघांसमोर प्रश्न आला की उत्तर द्यावं लागतं, आणि ते इतिवृत्तात उतरलं की पुढच्या सत्रात ‘असं कधी ठरलं होतं?’ म्हणायची सोय राहत नाही.

सरांना ई-मेल इंग्रजीतच लिहिशील, पण मजकूर एवढाच ठेव: ‘सर, मला तुमची पंचवीस मिनिटं हवी आहेत. विषय एकच, फेलोशिप संपेपर्यंतचं वेळापत्रक. मी एका पानाचा तक्ता सोबत जोडला आहे. बुधवारी की शुक्रवारी?’ ‘वेळ मिळेल तेव्हा बोलू या का’ असं लिहिलंस तर ती वेळ कधी येत नाही. उत्तर आलं नाही तर आठवड्याने तोच मेल पुन्हा पाठव. तिसऱ्यांदा त्यांच्या ऑफिसच्या दाराशी उभी राहा. दौऱ्यावरून आल्याच्या दुसऱ्या दिवशी, पहिल्या नाही.

आता तो तक्ता. जेआरएफची, म्हणजे कनिष्ठ फेलोशिपची, पहिली दोन वर्षं दरमहा ३७,००० रुपये, मग एसआरएफचे, म्हणजे वरिष्ठ फेलोशिपचे, ४२,०००, वर घरभाडं. मिळून पाच वर्षं. नोंदणी मात्र सहा वर्षांपर्यंत चालते, पुनर्नोंदणी करून आठ, आणि स्त्रियांना त्यावर आणखी दोन वर्षांची सवलत आहे. याचा अर्थ पैसे आधी थांबतात, पीएच.डी. नंतर संपते. मधल्या काळात मुलं उसनवारीवर जगतात आणि हे कुणी प्रवेशाच्या वेळी सांगत नाही. म्हणून उलटं मोजत ये. डिसेंबरात फेलोशिप संपणार असेल तर थिसिस लिहायला जूनपासूनचा वेळ मोकळा हवा. पेपर परीक्षकांकडून दुरुस्त्या घेऊन परततो, तेव्हा प्रयोगांचे तीन-चार महिने सहज जातात. म्हणजे मुख्य आकृत्या येत्या होळीपर्यंत हातात हव्यात. ज्या प्रयोगाचं उत्तर होळीनंतर येणार आहे तो आत्ताच कुणाला तरी देऊन टाक. आणि एक गोष्ट कार्यालयात जाऊन स्वतः विचार: थिसिस जमा करण्याआधी पेपर छापून आलेला असलाच पाहिजे ही अट यूजीसीने २०२२ मध्ये काढून टाकली, पण संस्थेची स्वतःची अट असू शकते. या बाबतीत सिनियर मुलांच्या ऐकीव माहितीवर अजिबात विसंबू नकोस.

बाकीची माणसं सोपी आहेत. तंत्र शिकायचं तर मशीन चालवणाऱ्यांकडे जा. फ्लो सायटोमेट्री या पेशी मोजायच्या तंत्रातलं कंपेन्सेशन, म्हणजे रंगांची सरमिसळ दुरुस्त करणं, मला एका ऑपरेटरने शिकवलं. त्यांच्याकडे पीएच.डी. नव्हती आणि सगळ्या बिल्डिंगच्या पीएच.डी. त्यांच्या हातून गेल्या होत्या. तुमच्या लॅबमधून गेल्या पाच वर्षांत बाहेर पडलेल्यांची यादी कर: कोण कंपनीत आहे, कोण बाहेर आहे, कोणी सोडून दिलं. त्यातल्या दोघांना लिही. ‘माझे मेंटर व्हाल का’ असं विचारू नकोस, माणूस दचकतो. ‘तुम्ही दुसरा प्रोजेक्ट बंद करायचं कधी ठरवलंत, यावर वीस मिनिटं बोलाल का’ असं विचार. नेमका प्रश्न आला की लोक अर्ध्या तासाचे दोन तास करतात.

घरी विचारायला कुणी नाही, हे तू लिहिलंस ते खरंच महत्त्वाचं आहे. प्राध्यापकांच्या मुलांना कोणत्या लॅबमध्ये जाऊ नये ते जेवताना कळतं. तुला ते कळलं नाही, यात तुझी कमतरता काही नाही. पण विचारलं तर चालतं, ही गोष्टही त्यांना घरात कळते आणि तुला कुणी सांगितली नाही. मी सांगते. चालतं.

प्रश्न: ताई, मुलगी एकतिसाव्या वर्षात आहे. एमएस्सीला पहिली आली होती. पीएच.डी. झाली, आता पोस्टडॉकसाठी जर्मनीला जाते म्हणते. तिच्या वर्गातल्या मुली फ्लॅटचे हप्ते फेडताहेत. हिचं शिक्षण संपणार कधी? लग्नाचं काढलं की चिडते. तुम्ही तिला काहीतरी समजावून सांगा. — एक आई, सांगली

उत्तर: ताई, तिला नाही, आधी तुम्हाला सांगते. ती शिकत नाहीये, काम करतेय. पोस्टडॉक ही पगारी नोकरी आहे, फक्त करार दोन-तीन वर्षांचा असतो. हिशेब असा पडतो: बीएस्सी-एमएस्सीची पाच वर्षं, पीएच.डी.ची पाच-सहा, पोस्टडॉकची तीन-चार. म्हणजे या क्षेत्रात स्वतःची लॅब मिळायचं वय तेहतीस-चौतीसच्या आत सहसा येत नाही. तुमची मुलगी मागे पडलेली नाही. वेळेवरच आहे.

पण तुमची काळजी खुळी आहे असंही मी म्हणणार नाही. कायम जागा थोड्या आहेत आणि पीएच.डी. झालेली मुलं पुष्कळ. तेव्हा ‘कधी संपणार’ याऐवजी तिला असं विचारा की करार किती महिन्यांचा आहे, वाढतो का, त्या लॅबमधून याआधी गेलेली माणसं आज कुठे आहेत, आणि प्राध्यापकी नाही मिळाली तर दुसरं काय करायला आवडेल. या प्रश्नांवर ती चिडणार नाही. कदाचित दचकेल, कारण हे तिला लॅबमध्येही कुणी विचारलेलं नसेल. लग्नाचं तिचं तिला ठरवू द्या.

कमला सोहोनींचं नाव तुम्ही ऐकलं असेल, दुर्गाबाई भागवतांची बहीण. १९३३ मध्ये बंगळूरच्या विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी त्यांना मुलगी म्हणून प्रवेश नाकारला, मग अटी घालून घेतलं. १९३९ मध्ये त्यांनी केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. रामन यांचा नकार आपण दर महिला दिनाला सांगतो. एम. श्रीनिवासय्या यांचं नाव कुणी घेत नाही. तिथे त्यांना खरं शिकवलं ते या शिक्षकाने. आणि घरी वडील आणि काका दोघेही त्याच संस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ होते, हे तर फारच कमी जणांना माहीत असतं. ते शास्त्र तुमच्या घरात नसलं तरी चालेल. तिच्या कामाबद्दल दर रविवारी एक प्रश्न विचारा आणि उत्तर पूर्ण ऐकून घ्या. न कळलं तर पुन्हा विचारा. जी मुलगी आपलं काम आईला मराठीत समजावू शकते, ती मुलाखतीतही अडखळत नाही.

प्रश्न: मॅडम, ऑगस्ट २०२२ पासून ह्यूस्टनला पोस्टडॉक आहे, जे-१ व्हिसावर. आमच्या पीआयची (लॅबप्रमुखांची) ग्रँट पुढे चालू राहिली नाही, जेमतेम सहा महिन्यांचे पैसे आहेत. पत्नी पुण्यात नोकरी करते. इथेच दुसरी लॅब बघावी की परत यावं? वय ३४. दोन पेपर आहेत, तिसरा परीक्षकांकडे.

उत्तर: तुमच्यासमोर पैशांचं आणि व्हिसाचं अशी दोन घड्याळं आहेत आणि व्हिसाचं जास्त कडक आहे. जे-१ वर संशोधक म्हणून जास्तीत जास्त पाच वर्षं राहता येतं, म्हणजे तुमचं ऑगस्ट २०२७ पर्यंतच. त्याआधी नेमणूक संपली तर आवरायला मिळतात ३० दिवस. दुसऱ्या लॅबमध्ये बदली घ्यायची तर ती चालू नेमणूक संपण्याआधी व्हावी लागते, मध्ये खंड पडून चालत नाही. तेव्हा पीआयशी बोलण्याआधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयात जाऊन तारखा लिहून घ्या. एक चांगली बातमी: जे-१ संपल्यावर मायदेशी दोन वर्षं राहण्याची अट अमेरिकन सरकारच्या ज्या कौशल्य यादीमुळे लागायची, तिच्यातून ९ डिसेंबर २०२४ पासून भारत वगळला आहे. तुमचा खर्च कोणत्याही सरकारच्या पैशातून झाला असेल तर अट वेगळ्या कारणाने लागू शकते, ते मात्र तपासा. एच-१बी या नोकरीच्या व्हिसाचा विचार करत असाल तर सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या अर्जांवर जाहीर झालेलं १ लाख डॉलरचं शुल्क लक्षात घ्या. विद्यापीठं हात आखडते घेणार.

दुसरी लॅब शोधताना पीआयला एक काम नेमून द्या: ‘माझ्यासाठी या तीन लोकांना फोन करा.’ ग्रँट गेलेला पीआय अपराधी वाटून घेत असतो आणि त्याला काहीतरी करायचं असतं. ‘काही कळलं तर सांगा’ म्हणालात तर तो सहानुभूती देईल, फोन करणार नाही.

परत येण्याचं म्हणाल तर चौतीस हे वय मधलं आहे. इन्स्पायर फॅकल्टी या केंद्र सरकारच्या फेलोशिपची वयोमर्यादा साधारण ३२, ती गेली. जैवतंत्रज्ञान विभागाची रामलिंगस्वामी फेलोशिप परदेशातून परतणाऱ्यांसाठीच आहे, पाच वर्षांची. हाच विभाग (डीबीटी) आणि ब्रिटनची वेलकम संस्था यांच्या इंडिया अलायन्सच्या फेलोशिपा आहेत. कायम जागा मिळाली तर अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानची पंतप्रधान अर्ली करिअर ग्रँट आहे, तीन वर्षांसाठी ६० लाखांपर्यंत, वय ४२ पर्यंत. पण फेलोशिप म्हणजे नोकरी नव्हे, हे पत्नीला आणि स्वतःला नीट सांगा. यजमान संस्था पाच वर्षांनी सामावून घेतेच असं नाही. म्हणून अर्जावर संस्थेची सही घेण्याआधी विचारून घ्या: लॅबला जागा किती, पीएच.डी. विद्यार्थी घेता येतील का, याआधीच्या फेलोंचं पुढे काय झालं. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर संचालकांकडून घ्या आणि त्या फेलोंकडूनही घ्या. दोन उत्तरं जुळत नसतील तर फेलोंचं खरं धरा.

डिसेंबरात घरी येणार असालच. तीन आठवडे आधी आयसर, एनसीसीएस, आघारकर, एनसीएल, खारघरचं ॲक्ट्रेक या संशोधन संस्थांतल्या तुमच्या विषयातल्या एकेका माणसाला लिहा आणि सेमिनार द्यायची तयारी दाखवा. ‘जागा आहे का’ हा शब्दही काढू नका. सेमिनारनंतरच्या जेवणात ते लोकच विषय काढतात. इंडियाबायोसायन्सची यंग इन्व्हेस्टिगेटर्स मीटिंग २००९ पासून भरते. तिथे परत येऊ इच्छिणारे पोस्टडॉक, नवे प्राध्यापक आणि संस्थांचे संचालक एकाच छताखाली असतात. तिचा अर्ज चुकवू नका.

तुमच्या विद्यापीठात पोस्टडॉक ऑफिस असेल तर त्यांनी वैयक्तिक विकास आराखडा भरायला लावला असेलच. मायआयडीपी नावाचं फुकट साधन २०१२ पासून आहे. आपल्याकडच्या लोकांना तो फॉर्म पोरकट वाटतो, आणि मूल्यं-बिल्यं विचारणारा भाग मलाही वाटतो. कौशल्यांचा भाग मात्र प्रामाणिकपणे भरा आणि तोच भाग पत्नीला तुमच्याबद्दल भरायला सांगा. जिथे तुम्ही स्वतःला कमी गुण दिलेत आणि तिने जास्त, त्यावर फोनवर बोला.

प्रश्न: मी एमडी मेडिसिन, रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी नोकरीत. पावसाळ्यात तापाचे रुग्ण येतात, प्लेटलेट कमी, डेंग्यू निगेटिव्ह, लेप्टो निगेटिव्ह. यावर काम करावंसं वाटतं. पण इथे लॅब नाही, मार्गदर्शक नाही. एका मोठ्या संस्थेने ‘नमुने पाठवा, बघू’ म्हटलंय.

उत्तर: डॉक्टर, नुसते नमुने पाठवू नका. पाठवलेत तर पेपरच्या शेवटी आभारात नाव येईल आणि तुमचा प्रश्न त्यांचा होईल. प्रश्न तुमचा आहे, रुग्ण तुमचे आहेत. त्यांच्याशी आधी एक पानी लेखी करार करा: नमुने कुणाच्या मालकीचे, किती काळ ठेवायचे, उरलेले परत कसे, लेखक कोण.

तुमच्याच पट्ट्यात, महाडला, डॉ. हिम्मतराव बावस्करांनी विंचूदंशावर काय केलं ते तुम्हाला सांगायला नको. बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या निरीक्षणांपासून सुरुवात, १९८० च्या दशकात ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्राझोसिन या औषधाचे निष्कर्ष, आणि २०११ मध्ये ‘बीएमजे’ या दुसऱ्या नियतकालिकात रीतसर चाचणी. ते वाचताना लोक जिद्दीबद्दल बोलतात. मी तुम्हाला त्यांच्या नोंदींकडे बघायला सांगेन. नाडी, रक्तदाब, घाम, हातपाय गार, किती तासांनी आला. खाटेजवळ मिळणारी माहिती, पण प्रत्येक रुग्णाची, एकाच पद्धतीने.

तुम्हीही एका पानाचा नोंदणी तक्ता करा, नर्सला ड्युटी बदलताना भरता येईल इतका छोटा. त्यात अंगावर काळी खपली शोधल्याची नोंद सक्तीची ठेवा, काखेत, जांघेत, छातीखाली. ही खपली ज्याची खूण, तो स्क्रब टायफस आपल्याकडे बरेचदा केवळ कुणी कपडे बाजूला करून बघितलं नाही म्हणून सुटतो. नैतिकता समितीची मंजुरी पहिल्या रुग्णाआधी. तुमच्या रुग्णालयात समिती नसेल तर जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या समितीकडे अर्ज करा. औषधाची तुलना करणार असाल तर सीटीआरआयवर, म्हणजे चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत, नोंदही पहिल्या रुग्णाआधीच. आणि सांख्यिकीतज्ज्ञ सुरुवातीलाच गाठा. माहिती गोळा झाल्यावर त्याच्याकडे जाणं म्हणजे घर बांधून झाल्यावर इंजिनिअरला बोलावणं.

आयसीएमआरच्या चेन्नईच्या संस्थेचा संशोधनाचा ऑनलाइन पायाभूत अभ्यासक्रम तुम्ही एमडीला असताना प्रमाणपत्रापुरता उरकला असणार, सगळेच उरकतात. आता हातात स्वतःचा प्रश्न असताना ते व्हिडिओ पुन्हा बघा. दोन पावसाळ्यांची स्वच्छ माहिती जमली की इंडिया अलायन्सच्या क्लिनिकल आणि सार्वजनिक आरोग्य फेलोशिपचा विचार करा. तोवर मार्गदर्शक म्हणून वैद्यकीय महाविद्यालयातला सूक्ष्मजीवशास्त्राचा एखादा सहयोगी प्राध्यापक पुरे. विभागप्रमुखांच्या मागे लागू नका, त्यांना वेळ नसतो.

प्रश्न: नमस्कार मॅडम. सातारा जिल्ह्यातल्या महाविद्यालयात सहायक प्राध्यापक आहे. यंदा पीएच.डी. गाईड म्हणून मान्यता मिळाली, दोन विद्यार्थी आलेत. आमच्याकडे मोठी उपकरणं नाहीत. मी त्यांना काय देऊ शकतो?

उत्तर: सर, वेळ. सहायक प्राध्यापकाला एका वेळी चारच विद्यार्थी घेता येतात, आणि ती मर्यादा तुमच्या फायद्याची आहे. पहिल्या पत्रातल्या मुलीला वर्षभर न मिळालेली गोष्ट तुम्ही दर आठवड्याला देऊ शकता. एक तास ठरवा, वर्गाच्या वेळापत्रकात छापा, आणि प्राचार्यांनी त्या तासाला बैठक लावली तर वर्ग आहे म्हणून सांगा. वर्गच आहे तो.

दुसरं, विद्यार्थ्यांना नॅकच्या फायली, परीक्षेचं पर्यवेक्षण आणि स्नेहसंमेलनाच्या सजावटीपासून वाचवा. हे वाचून तुम्ही हसला असाल. पण छोट्या महाविद्यालयांत पीएच.डी.ची निम्मी वर्षं तिथे जातात, आणि नाही म्हणणं विद्यार्थ्याच्या हातात नसतं, तुमच्या असतं.

लेखकांची नावं पहिल्याच महिन्यात बोला. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची जी आंतरराष्ट्रीय समिती आहे, तिच्या चार कसोट्या आहेत: कामात भरीव वाटा, लिहिण्यात किंवा तपासण्यात सहभाग, अंतिम मसुद्याला संमती, आणि कामाची जबाबदारी. चारही लागतात. प्रयोगशाळेची किल्ली आपल्याकडे आहे म्हणून विभागप्रमुखांचं नाव घालायची आपली पद्धत यात बसत नाही. ती तुम्ही एकटे मोडू शकणार नाही, हेही मला कळतं. निदान विद्यार्थ्याचं नाव पहिलं राहील एवढं बघा.

पेपर कुठे पाठवायचा हा आता जास्त अवघड प्रश्न झालाय. यूजीसीने मान्य नियतकालिकांची ‘केअर’ यादी २०२५ च्या सुरुवातीला बंद केली. नियतकालिक बरं की बनावट हे संस्थेने आणि शिक्षकाने ठरवायचं. पैसे भरा आणि चार दिवसांत छापा म्हणणारे मेल विद्यार्थ्याला रोज येतील. तुमच्याच विषयातल्या जाणत्या माणसाने गेल्या वर्षी तिथे काही छापलं आहे का, संपादक मंडळातली माणसं खरी आहेत का, हे त्याच्याबरोबर बसून एकदा तपासा. दुसऱ्यांदा तो स्वतः करेल.

उपकरणांचं काय? वर्षातून एकदा दोन महिन्यांसाठी विद्यार्थ्याला पुण्या-मुंबईच्या लॅबमध्ये पाठवा. त्यासाठी तुम्ही स्वतः आधी जाऊन तिथल्या माणसाला भेटा. विद्यार्थ्याच्या हातात पत्र देऊन पाठवलंत तर तो दोन महिने पिपेट धुवेल. कोणते नमुने नेणार, कोणती आकृती घेऊन परतणार, राहण्याचा खर्च कोणत्या शीर्षाखाली, हे तिघांना कळवलेलं असावं.

आणि दोघांतला एक जण मध्येच म्हणेल की सर, मला कंपनीत क्वालिटी कंट्रोलची किंवा औषधसुरक्षेच्या विभागातली नोकरी मिळतेय, जाऊ का? बहुतेक गाईड इथे रुसतात. त्याला पगार, घरची परिस्थिती, पीएच.डी. अर्धवेळ सुरू ठेवता येईल का ते विचारा. विद्यापीठाचे अर्धवेळ पीएच.डी.चे नियम दोघांनी मिळून वाचा. जायचं ठरलं तर शिफारसपत्र लिहून द्या, आणि त्यात ‘मेहनती व प्रामाणिक’ याच्या पुढे जाऊन त्याने कोणतं तंत्र स्वतः बसवलं, कोणती चूक पकडली, हे दोन ओळींत तरी लिहा. त्याची प्रयोगवही मात्र तुमच्याकडेच ठेवून घ्या. पेपर अजून व्हायचा आहे, आणि पहिलं नाव त्याचंच आहे.